राजा आहे, मग निवडणूक कशाची?

कोकणात आणि गोव्यात अशी कितीतरी घरं आहेत, जिथला एखादा तरी माणूस कुवेतला असतो. तो सुट्टीवर आला की घरचे पगाराबद्दल विचारतात, तिकडच्या उन्हाबद्दल विचारतात, आणि गप्पा लांबल्या की एक प्रश्न निघतो : तिकडे राजा आहे ना? मग मध्येच निवडणुकीचे फलक लागलेले फोटो पाठवतोस, ते कशाचे? राजाच सगळं ठरवणार असेल, तर लोक मत कशाला देतात?

प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर एका वाक्यात बसत नाही. कुवेतमध्ये वंशपरंपरेनं आलेला अमीर आहे. त्याच कुवेतमध्ये मंत्र्यांना उभं करून जाब विचारणारी, लोकांनी निवडून दिलेली संसदही होती. ‘होती’ असं लिहावं लागतं, कारण मे २०२४ पासून ती बंद आहे. ती मुळात उभी का राहिली, कशी चालायची आणि तिला कुलूप कसं लावता आलं, ते क्रमानं पाहू.

१. ज्याची वर्गणी, त्याचा शब्द

कुवेत लहान आहे. १७,८१८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून थोडा मोठा. अठराव्या शतकाच्या मध्यापासून तिथे अल-सबाह घराण्याची सत्ता आहे. तेल सापडण्याआधी या वाळवंटात शेती जवळजवळ नव्हती. प्यायचं पाणीसुद्धा होड्यांनी शत्त-अल-अरब नदीतून आणावं लागे. पोट चालायचं ते समुद्रावर. उन्हाळ्यात पाणबुडे मोती काढत, आणि ‘बूम’ नावाची मोठी गलबतं बसऱ्याचा खजूर घेऊन मुंबईला आणि मलबारला जात. परतताना ती लाकूड, तांदूळ, कापड घेऊन येत. मुंबईशी हा व्यवहार इतका घट्ट होता, की १९६१ पर्यंत कुवेतच्या बाजारात रुपयाच चालत होता.

सत्ता शेखांकडे होती आणि पैसा व्यापाऱ्यांकडे. शेखाचा खर्च व्यापाऱ्यांनी दिलेल्या जकातीवर आणि मोत्यांवरच्या करावर चालत असे. ज्याच्या वर्गणीवर मांडव उभा राहतो, त्याला हिशेब विचारायचा हक्क असतो, आणि तो हक्क कुवेती व्यापाऱ्यांनी एकदा चांगलाच बजावला. मुबारक अल-सबाह यानं १८९६ मध्ये दोन भावांना मारून सत्ता घेतली होती आणि १८९९ मध्ये ब्रिटिशांशी करार करून ती पक्की केली होती. हा जबरदस्त माणूस कर वाढवत गेला. तेव्हा १९१० मध्ये मोत्यांचे बडे व्यापारी आपापली गलबतं घेऊन थेट बहरीनला निघून गेले. मुबारकला माघार घ्यावी लागली आणि त्यांची मनधरणी करून त्यांना परत बोलवावं लागलं. मतपेटी नसलेल्या त्या काळात गलबताचं शीड हेच व्यापाऱ्याचं मत होतं.

१९३८ मध्ये याच व्यापारी घराण्यांनी आपसांत निवडणूक घेऊन चौदा जणांचं विधिमंडळ उभं केलं. अध्यक्ष होता राजघराण्यातलाच एक जण, अब्दुल्ला अल-सालेम. त्याच वर्षी बुरगान इथं तेल लागलं होतं. मंडळानं मागणी केली की तेल कंपनीकडून येणारे पैसे शेखाच्या हातात न देता मंडळाकडे द्यावेत. वाद पेटला आणि डिसेंबरमध्ये मंडळ बरखास्त झालं. जेमतेम सहा महिने ते टिकलं. पण अब्दुल्ला अल-सालेम हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

२. वर्गणी उलटी फिरते

१९४६ पासून कुवेतचं तेल निर्यात होऊ लागलं आणि वर सांगितलेलं गणित उलटं झालं. ते समजायला एक सोसायटी डोळ्यांसमोर आणू. वीस घरं, प्रत्येकाकडून महिना तीन हजार देखभाल खर्च. साठ हजार जमतात, आणि वार्षिक सभेत सेक्रेटरीला पै-पैचा हिशेब द्यावा लागतो. आता समजा गच्चीवर जाहिरातीचा फलक लागला आणि त्याचं महिन्याला दोन लाख भाडं येऊ लागलं. देखभाल खर्च बंद. उलट सेक्रेटरीच दर घराला पाच हजार वाटतो. वीस घरांचे एक लाख वाटूनही एक लाख त्याच्या हातात उरतात. आता सभेला कोण येईल, आणि आलं तरी आवाज किती चढवील?

जमिनीतून निघणाऱ्या अशा ‘भाड्या’वर चालणाऱ्या राज्याला अभ्यासक भाडेजीवी राज्य म्हणतात. कुवेतमध्ये नागरिकाला उत्पन्नावर कर नाही. शिक्षण, औषधपाणी, घरासाठी मदत आणि बहुतेकांना सरकारी नोकरी, हे सगळं तेलातून येतं. पण इथली व्यापारी घराणी तेलाच्या आधीपासूनची होती आणि हिशेब मागायची त्यांची सवय जुनी होती. आखातात संसदेचं रोप कुवेतमध्येच घट्ट रुजलं, त्यामागचं सगळ्यात मोठं कारण मला हेच वाटतं.

३. १९६२ चा करार

१९ जून १९६१ ला कुवेत स्वतंत्र झाला. सहाच दिवसांनी इराकचा सत्ताधीश अब्दुल करीम कासिम यानं कुवेत हा इराकचाच भाग असल्याचा दावा केला. या धोक्यात अमीराला घरच्या लोकांची साथ हवी होती, आणि आपला देश हा खरोखरीचा देश आहे हे जगाला दाखवायचं होतं. त्या वेळी अमीर होता अब्दुल्ला अल-सालेम, म्हणजे १९३८ च्या मंडळाचा अध्यक्ष. त्यानं निवडून आलेली घटना समिती बसवली, आणि ११ नोव्हेंबर १९६२ ला राज्यघटना जाहीर झाली.

या घटनेची दोन कलमं सोबत वाचावीत. चौथं कलम सांगतं, अमीरपद मुबारकच्या वंशजांकडेच राहील. सहावं कलम सांगतं, राज्यपद्धती लोकशाही आहे आणि सार्वभौमत्व जनतेचं आहे. एकत्र कुटुंबात कर्ता बदलायचा नाही, पण तिजोरी उघडताना सगळ्यांना बोलवायचं, असा हा समझोता. अमीर जबाबदारीच्या पलीकडे आहे. पंतप्रधान तोच नेमतो आणि आजवरचे सगळे पंतप्रधान अल-सबाहच. २००३ पर्यंत तर युवराज हाच पंतप्रधान असे. पण संसदेनं मंजूर केल्याशिवाय कायदा होणार नाही, आणि नव्या युवराजालाही संसदेची मान्यता लागेल, असंही घटनेत लिहिलं.

हे नुसतं कागदावर राहिलं नाही. जानेवारी २००६ मध्ये अमीर जाबेर वारले. युवराज साद इतके आजारी होते, की शपथेची वाक्यं तरी म्हणता येतील का, अशी शंका होती. घराण्यात एकमत होईना. शेवटी २४ जानेवारीला संसदेनं मतदान करून प्रकृतीच्या कारणावरून साद यांना पदावरून दूर केलं आणि सबाह अल-अहमद अमीर झाले. गादीचा पेच निवडून आलेल्या सभागृहानं घटनेचं पुस्तक हातात घेऊन सोडवला.

४. पन्नास अधिक पंधरा

आता संसदेचं गणित. निवडून आलेले सदस्य पन्नास. मंत्री निवडून आलेले नसले तरी पदामुळे संसदेचे सदस्य होतात आणि कायद्यावर मत देतात. त्यांची संख्या पन्नासाच्या एक तृतीयांशाहून जास्त नसावी, अशी अट आहे. एक तरी मंत्री निवडून आलेला असावा, अशीही आहे.

समजा बाहेरून आलेले मंत्री पंधरा. एकूण पासष्ट, बहुमत तेहतीस. सरकारकडे पंधरा मतं आधीच आहेत, म्हणजे निवडून आलेल्यांपैकी फक्त अठरा जण वळवले की काम झालं. विरोधकांना मात्र तेहतीसच्या तेहतीस पन्नासांतूनच गोळा करावे लागतात.

मग विरोधकांची ताकद कशात? ‘इस्तिजवाब’मध्ये. कुठलाही एक सदस्य मंत्र्याला सभागृहात उभं करून जाब विचारू शकतो. त्यातून अविश्वासाचा ठराव आला, तर त्यावर मंत्र्यांना मत देता येत नाही. तिथे पंधरा मतांची ती आघाडी नाहीशी होते आणि साधारण पंचवीस मतांत मंत्री घरी जातो. म्हणूनच जाब विचारण्याची नोटीस आली की अनेक मंत्री मतदानाआधीच राजीनामा देत. पंतप्रधानावर मात्र थेट अविश्वास आणता येत नाही. ‘सहकार्य अशक्य’ असा ठराव करता येतो, आणि मग पंतप्रधान बदलायचा की संसद बरखास्त करायची, ते अमीर ठरवतो.

या गणिताची एक बाजू आपल्याला चक्रावून टाकते. स्त्रियांना मत द्यावं असा वटहुकूम १९९९ मध्ये खुद्द अमीरानं काढला, आणि तो फेटाळला निवडून आलेल्या पुरुषांच्या संसदेनं. त्यानंतरचं विधेयकही ३२ विरुद्ध ३० असं दोन मतांनी पडलं. शेवटी १६ मे २००५ रोजी ते ३५ विरुद्ध २३ मतांनी मंजूर झालं, त्यात मंत्र्यांची मतं निर्णायक ठरली. २००९ मध्ये मासूमा अल-मुबारक, असील अल-अवधी, रोला दश्ती आणि सलवा अल-जस्सार या चौघी निवडून आल्या. निवडणूक आणि स्वातंत्र्य नेहमी एकाच बाजूला उभी असतात असं आपण धरून चालतो. कुवेतच्या स्त्रियांना तसं धरून चालता आलं नाही.

५. दिवाणिया

कुवेतमध्ये राजकीय पक्षांना कायद्यानं मान्यता नाही. मग उमेदवार कोण ठरवतं, चर्चा कुठे होते? त्याचं उत्तर म्हणजे दिवाणिया. आपला ‘दिवाणखाना’ याच कुळातला शब्द. घराला लागून एक लांब खोली, भिंतीलगत बैठका, ठरलेल्या वारी संध्याकाळपासून लोक येऊ लागतात, छोट्या कपांतून कडू कॉफी फिरते. लग्नाच्या बोलण्यांपासून तेलाच्या भावापर्यंत सगळं इथे निघतं. निवडणुकीत उमेदवार एका रात्रीत कितीतरी दिवाणियांना भेट देत असे. खासगी बैठकीला परवानगी लागत नाही आणि पोलिसांनी तिथे यायचं नाही, हे घटनेच्या ४४ व्या कलमानंच म्हटलं आहे. कुवेतच्या सगळ्या कलमांत मला हे सर्वांत मोलाचं वाटतं, कारण ते लोकांच्या आधीपासूनच्या सवयीवर उभं आहे.

त्याची कसोटी १९८९ च्या अखेरीस लागली. तेव्हा १९८६ मध्ये बरखास्त झालेली संसद तीन वर्षांपेक्षा जास्त काळ बंद होती. अहमद अल-सादून आणि इतर माजी सदस्यांनी दर सोमवारी वेगवेगळ्या घरी दिवाणिया भरवायला सुरुवात केली. विषय एकच, संसद परत द्या. शेकडो, मग हजारो लोक येऊ लागले. पोलिसांनी दारं अडवली, बळ वापरलं, लोक रस्त्यावर उभे राहिले. काही महिन्यांतच, २ ऑगस्ट १९९० ला, इराकच्या सद्दाम हुसेनचं सैन्य आत घुसलं आणि देशच हातातून गेला. परागंदा राजघराणं आणि कुवेतचे प्रमुख नागरिक ऑक्टोबरमध्ये जेद्दाला भेटले. देश सुटला की १९६२ ची घटना पुन्हा पाळू, असं वचन तिथे दिलं गेलं, आणि १९९२ मध्ये निवडणूक झाली.

दिवाणियात एक मोठी उणीव आहे. ती बहुतांशी पुरुषांची बैठक आहे. स्त्रियांना मत मिळाल्यावरही उमेदवार स्त्रीला प्रचारासाठी या खोल्यांत शिरणं सोपं गेलं नाही.

६. कुलूप कुणाच्या हातात

घटनेच्या १०७ व्या कलमानुसार अमीर संसद बरखास्त करू शकतो. मात्र कारण सांगावं लागतं, तेच कारण पुन्हा वापरता येत नाही, आणि दोन महिन्यांत निवडणूक घ्यावी लागते. नाही घेतली तर जुनी संसद आपोआप जिवंत होते. भाडेकराराचं उदाहरण घ्या. घरमालकाला जागा रिकामी करून घेता येते, पण दोन महिन्यांत नवा भाडेकरू आणला नाही तर जुन्यालाच किल्ली परत. कलम उत्तम आहे. अडचण एवढीच, की मालकानं किल्ली परत दिलीच नाही तर ती काढून घेणारं कुणी नाही. १९७६ आणि १९८६ मध्ये तसंच झालं. संसद बरखास्त झाली आणि दोन महिन्यांची अट देणारं कलमच स्थगित झालं.

२००६ नंतर बरखास्ती घटनेत बसवूनच होत राहिली, पण इतक्या वेळा, की २०१६ ची संसद सोडली तर कुणालाच मुदत पुरी करता आली नाही. २०११ मध्ये काही सदस्यांना लाच दिल्याच्या आरोपावरून लोक भडकले आणि नोव्हेंबरमध्ये निदर्शक थेट सभागृहात घुसले. पंतप्रधानांना जावं लागलं. २०१२ च्या शेवटी अमीरानं मतदानाची पद्धतच बदलली. दहा जागांच्या मतदारसंघात पूर्वी प्रत्येकाला चार मतं होती, आता एकच. चार मतं असताना चार गट एकमेकांना मतं देऊन आघाडी बांधू शकत. एकच मत असलं की माणूस ते आपल्या भाऊबंदाला देतो. विरोधकांनी बहिष्कार टाकला, पण नियम कायम राहिला.

७. बोलायचं किती?

आखातातल्या शेजाऱ्यांच्या तुलनेत कुवेतची वृत्तपत्रं बोलकी आहेत. मंत्र्यांवर, कंत्राटांवर, भ्रष्टाचारावर ती लिहीत आली आहेत. पण एक रेघ आहे, आणि ती प्रत्येक कुवेती लेखकाला पाठ आहे. अमीराच्या अधिकाराला जाहीर आव्हान दिलं तर पाच वर्षांपर्यंत तुरुंग. मुसल्लम अल-बर्राक हा अतिशय लोकप्रिय विरोधी नेता. २०१२ मधल्या एका भाषणासाठी त्याला दोन वर्षं तुरुंगात काढावी लागली. २०१५ च्या सायबर कायद्यानं तीच रेघ मोबाइलपर्यंत आणली. घरच्या ग्रुपवर तिकडच्या राज्यकर्त्यांबद्दल काहीबाही पाठवू नका, असं तिथे राहणारे लोक सांगतात, ते उगीच नाही.

पुस्तकांच्या बाबतीत थोडी सुधारणा झाली. काही वर्षांत चार हजारांहून अधिक पुस्तकांवर बंदी आल्याचं उघड झाल्यावर लेखक आणि वाचक रस्त्यावर आले. २०२० मध्ये संसदेनं आयात पुस्तकांची पूर्वतपासणी काढून टाकली.

श्रद्धेचं स्वातंत्र्य घटनेत निरपवाद आहे, आचरणाला मर्यादा आहेत. कुवेत शहरातल्या कॅथेड्रलमध्ये गोव्याची माणसं वर्षानुवर्षं प्रार्थनेला जातात. हिंदूंची पूजा घरातच होते. आणि १९८० च्या दशकापासून मुसलमान नसलेल्याला कुवेतचं नागरिकत्व मिळण्याची वाट बंद आहे.

८. ही सगळी कलमं कुणासाठी?

देशात राहणारे सुमारे ४९ लाख. त्यांत नागरिक जेमतेम १५ लाख. मतदार सुमारे आठ लाख, कारण वयाची एकवीस वर्षं पूर्ण लागतात आणि लष्कर व पोलिसांना मत नाही. म्हणजे रस्त्यावर दिसणाऱ्या सहा माणसांत मत असलेला एखादा. कुवेतच्या संसदेचं कौतुक करताना ही संख्या मी नेहमी समोर ठेवतो.

नागरिकांच्या खाली ‘बिदून’ आहेत. या अरबी शब्दाचा अर्थ ‘विना’, म्हणजे नागरिकत्वाविना. १९२० च्या आधीपासून कुवेतमध्ये वस्ती असल्याचं ज्यांना दाखवता आलं, त्यांना १९५९ च्या कायद्यानं नागरिक मानलं. वाळवंटात फिरणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या अनेक टोळ्यांनी तेव्हा नोंद केली नाही. त्यांची मुलं-नातवंडं, एक लाखाच्या आसपास माणसं, जन्मापासून तिथेच राहूनही कुठल्याच देशाची नाहीत. जन्माचा दाखला, शाळा, नोकरी, प्रत्येक ठिकाणी त्यांना नागरिकत्वाचा प्रश्न अडवतो.

आणि मग परदेशी कामगार, त्यांत सुमारे दहा लाख भारतीय. त्यांचं तिथलं अस्तित्व ‘इकामा’वर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर अवलंबून असतं आणि इकामा ‘कफील’वर, म्हणजे मालक-हमीदारावर. नोकरी सोडली तर परवाना धोक्यात, तक्रार केली तर कामगार पळून गेल्याची नोंद मालक करू शकतो. मोर्च्यात जाण्याची मनाई आहे. जून २०२२ मध्ये फहाहीलला शुक्रवारच्या नमाजानंतर निदर्शनं करणाऱ्या परदेशी लोकांना मायदेशी धाडण्याचे आदेश निघाले. त्यासाठी न्यायालयाचा निकालही लागत नाही.

तरीही संसदेनं या लोकांसाठी काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. घरकाम करणाऱ्यांसाठी २०१५ मध्ये तिनं कायदा केला. आठवड्याला एक सुट्टी, दिवसाला जास्तीत जास्त बारा तास काम, पासपोर्ट काढून घ्यायला बंदी, आणि पुढच्या वर्षी ६० दिनारांचं किमान वेतन ठरलं. अंमलबजावणी बंद दारांआड अडखळते, पण त्या काळात आखातात असा कायदा होणं ही मोठी गोष्ट होती. १२ जून २०२४ ला मंगाफमध्ये कामगारांच्या दाटीच्या इमारतीला आग लागली. सुमारे ५० जण गेले, त्यांत किमान ४५ भारतीय होते. त्या इमारतीत किती माणसं कोंबली आहेत, हा प्रश्न ज्या सभागृहात एखाद्या सदस्यानं विचारला असता, ते त्या दिवशी बंद होतं.

९. दहा मे

४ एप्रिल २०२४ ला निवडणूक झाली. नवी संसद एकदाही भरली नाही. १० मेला अमीर मिशाल यांनी ती बरखास्त केली आणि घटनेची काही कलमं जास्तीत जास्त चार वर्षांसाठी स्थगित केली. त्यांत १०७ वं होतं. संसदेशिवाय कायदा नाही, असं सांगणारं ७९ वंही होतं. आणि मार्शल लॉ असल्याशिवाय घटनेतलं कुठलंच कलम स्थगित करता येणार नाही, असं सांगणारं १८१ वंसुद्धा होतं. कुलपावर ‘हे तोडू नये’ असं लिहिलेली पाटीच आधी काढली गेली.

अमीराची बाजूही नीट ऐकली पाहिजे, कारण अनेक सामान्य कुवेतींना ती पटली. लोकशाहीच्या नावाखाली देशाचं नुकसान होऊ देणार नाही, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. सरकार आणि संसदेच्या रस्सीखेचीत वर्षं वाया जात होती हे खरं. सरकारला कर्ज उभारू देणारा कायदा २०१७ मध्ये संपला, आणि नवा संसदेतून कधीच मंजूर झाला नाही. तो आला मार्च २०२५ मध्ये, अमीराच्या वटहुकमानं. दुबई-दोहाकडे बोट दाखवून आपण मागे का, असं विचारणारा तरुण कुवेतमध्ये सहज भेटतो.

पण वटहुकमाची गाडी एकदा धावू लागली की ती फक्त कर्जाच्या कायद्यापाशी थांबत नाही. नवे युवराज १ जून २०२४ ला नेमले गेले, संसदेच्या मान्यतेविना. त्यानंतर नागरिकत्व रद्द करण्याची मोहीम वेगात सुरू झाली. हजारोंच्या हजारो लोकांचं नागरिकत्व गेलं, त्यांत कुवेती पुरुषांशी लग्न करून नागरिक झालेल्या परदेशी स्त्रिया मोठ्या संख्येनं आहेत. वीस-वीस वर्षं कुवेती म्हणून जगलेल्या बाईचं नाव सरकारी यादीत येतं आणि नोकरी, निवृत्तिवेतन, पासपोर्ट, सगळं एका दिवसात टांगणीला लागतं. याआधी अशा निर्णयावर संसदेत इस्तिजवाबची नोटीस आली असती. आता ती द्यायला जागाच नाही.

दिवाणिया मात्र भरतात. कुवेतच्या किनाऱ्यावर, समुद्राकडे तोंड करून, तंबूच्या कापडासारखं झुकलेलं काँक्रीटचं छत असलेली संसदेची इमारत उभी आहे. सिडनीच्या ऑपेरा हाउसचा रचनाकार यॉर्न उत्सॉन यानं ती आखली. इराकी सैन्यानं ती जाळली होती, नंतर पुन्हा बांधली गेली. जाहीर केलेली चार वर्षांची मुदत मे २०२८ मध्ये संपते. १९७६ ला बंद झालेली संसद परत यायला साडेचार वर्षं लागली होती, आणि १९८६ ची यायला सहा वर्षांहून अधिक.